कर्नल बदलल्यावर प्रोग्राम कोसळतो तेव्हा: मेमरीच्या नकाशावरून कारण कसं शोधायचं

सोर्समध्ये एक ओळ बदललेली नाही, कंपायलर तोच, कंटेनरची इमेजही तीच. तरी कालपर्यंत बिनबोभाट पास होणाऱ्या टेस्ट आज अधूनमधून सेगफॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम कोसळणं) देतात. पुन्हा चालवल्या की पास, आणखी चार वेळा चालवल्या की परत एक नापास. अशा वेळी बहुतेक जण आपल्याच कोडमध्ये बग शोधायला बसतात. त्याआधी खालचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, बदलला आहे का, एवढं पाहून घ्या.

कर्नल प्रत्येक प्रोसेसला पत्त्यांची जागा आखून देतो. एक्झिक्युटेबल कुठे बसेल, हीप कुठून सुरू होईल, लायब्ऱ्या आणि स्टॅक कुठे, मधे किती जागा मोकळी, हे सगळं तो ठरवतो. ही आखणी जरा हलली की ‘अमुक पत्ता कायम रिकामाच असतो’ असं धरून चाललेला प्रोग्राम पडतो. यात कर्नलची चूक असतेच असं नाही. बऱ्याचदा प्रोग्राममधलं जुनं गृहीतक उघडं पडलेलं असतं. कधीकधी मात्र बग खरोखर कर्नलमध्येच असतो, आणि बाहेरून दोन्हींचं लक्षण एकच दिसतं. खालची पद्धत इंटेल-एएमडीच्या ६४ बिट लिनक्स मशीनसाठी आहे. मुख्य उदाहरण म्हणून २०२४ च्या सुरुवातीला बऱ्याच जणांना छळलेला प्रकार घेतला आहे: उबुंटूने पत्त्यांच्या रँडमायझेशनचे (सुरक्षेसाठी दर रनला पत्ते यादृच्छिक सरकवण्याचे) बिट २८ वरून ३२ वर नेले आणि जुन्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने (मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या साधनाने) बांधलेले प्रोग्राम कोसळू लागले. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या उबुंटू २२.०४ रनरवरही, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या मशीनवरही, हेच दिसलं होतं.

आधी पुरावा: बदललं ते कर्नलच का?

होस्टवर ‘युनेम -आर’ चालवा आणि आवृत्ती टिपून ठेवा. कंटेनरच्या आत चालवलंत तरी उत्तर होस्टच्याच कर्नलचं येतं, कारण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. ‘इमेज तीच आहे, मग बिघडलं काय?’ याचं उत्तर निम्म्या वेळा इथेच मिळतं. डेबियन-उबुंटूवर व्हार-लॉग-एपीटी या डिरेक्टरीतली हिस्टरीची फाइल आणि फेडोरा कुळात ‘डीएनएफ हिस्टरी’ पाहिलीत की अपडेट कोणत्या तारखेला आलं ते कळतं. सीआय (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था) असेल तर शेवटच्या यशस्वी रनच्या लॉगमध्ये रनरच्या इमेजची आवृत्ती असते. ती आजच्या रनशी ताडून पाहा.

मग मशीन रीबूट करा, ग्रब या बूटलोडरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा आणि तीच बायनरी चालवा. पुन्हा बिल्ड करू नका. बिल्ड केलंत की एकाऐवजी दोन गोष्टी बदलतात.

किती वेळा चालवायचं? इथे अंदाजाने काम करू नका. चारातून एकदा कोसळणारा प्रोग्राम निव्वळ नशिबाने सलग १० वेळा नीट चालण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून ‘जुन्या कर्नलवर १० वेळा चालला’ हा पुरावा कच्चा. ९९ टक्के खात्री हवी असेल तर सलग १७ यशस्वी रन लागतात. शंभरातून एकदाच कोसळत असेल तर हाच आकडा ४५९ वर जातो. शेलमध्ये एक फॉर लूप लिहा आणि प्रत्येक रनचा एक्झिट कोड फाइलमध्ये साठवा. १३९ दिसला तर तो सेगफॉल्ट (१२८ अधिक सिग्नल ११), १३४ असेल तर अ‍ॅबॉर्ट, आणि १३७ असेल तर प्रोसेसला सिगकिल मिळाला आहे. त्यामागे बहुधा मेमरी संपल्याने कर्नलने केलेली कारवाई असते. तो प्रकार या लेखाच्या कक्षेबाहेरचा.

डीमेसेजची ती एक ओळ

सेगफॉल्ट झाला की कर्नल आपल्या लॉगमध्ये एक ओळ टाकतो; ‘डीमेसेज’ ही कमांड ती दाखवते. तीत प्रोसेसचं नाव, ज्या पत्त्यावर अडलं तो पत्ता, ‘आयपी’ म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, ‘एसपी’ म्हणजे स्टॅक पॉइंटर आणि एक एरर क्रमांक असतो. लोक पत्ता पाहतात आणि एरर क्रमांक सोडून देतात. खरी माहिती त्या क्रमांकातच आहे.

हा क्रमांक सोळाच्या पायात छापलेला असतो आणि त्यातला प्रत्येक बिट एकेक गोष्ट सांगतो. १ असेल तर पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, इथे ४ केबीचा) होतं पण परवानगी नव्हती. नसेल तर पेजच नव्हतं. २ म्हणजे लिहिण्याचा प्रयत्न. ४ म्हणजे यूजर मोड. १० म्हणजे तिथून इन्स्ट्रक्शन उचलण्याचा प्रयत्न. यांची बेरीज करत वाचायचं. ४ म्हणजे नसलेल्या पेजवरून वाचायला गेला. ६ म्हणजे नसलेल्या पेजवर लिहायला गेला. ७ म्हणजे केवळ वाचण्यासाठी असलेल्या पेजवर लिहायला गेला. १४ म्हणजे जिथे कोड असायला हवा तिथे पेजच नाही. अशा वेळी अडलेला पत्ता आणि आयपी दोन्ही सारखेच दिसतात.

नल पॉइंटरच्या साध्या चुकीत पत्ता शून्याच्या जवळपास असतो आणि एरर ४ किंवा ६. ते दिसलं तर कर्नलचा नाद सोडा आणि आपलं कोड बघा. पण एरर १४ आणि आयपी थेट तुमच्याच एक्झिक्युटेबलच्या हद्दीत असेल, तर कोणीतरी चालू प्रोग्रामच्या पायाखालची मेमरी काढून घेतली आहे. सामान्य बग असं क्वचितच करतो.

एक अडचण आहे. प्रोग्रामने सेगफॉल्टचा सिग्नल स्वतः पकडलेला असेल तर ही ओळ लॉगमध्ये येतच नाही. सॅनिटायझर, जावा, बरेच क्रॅश रिपोर्टर हेच करतात. मग लॉग रिकामा म्हणजे काही झालंच नाही, असं समजू नका.

जीडीबीत चालतो, बाहेर कोसळतो

इथे भलेभले फसतात. जीडीबी हा डीबगर प्रोग्राम सुरू करताना पत्त्यांचं रँडमायझेशन मुळातच बंद करतो. त्यामुळे आखणीशी संबंधित क्रॅश जीडीबीत कधीच येत नाही. मग ‘डीबगरमध्ये चालतंय, म्हणजे रेस कंडिशन असणार’ असा निष्कर्ष निघतो आणि शोध भलत्याच वाटेला लागतो. प्रोग्राम सुरू करण्याआधी जीडीबीत ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ द्या. मग ‘रन’ पुन्हा पुन्हा द्या, क्रॅश येईपर्यंत.

हाच गुण उलटा वापरता येतो. ‘सेटआर्क’ला कॅपिटल ‘आर’चा पर्याय देऊन प्रोग्राम चालवला की त्या एका प्रोसेसपुरतं रँडमायझेशन बंद होतं. तसं चालवून १७ पैकी १७ रन पास झाले आणि त्याशिवाय तीन-चार पडले, तर गुन्हेगार पत्त्यांच्या आखणीतच आहे. डॉकरमध्ये ‘सेटआर्क’ परवानगी नाकारल्याचं सांगेल, कारण डॉकरची मूळची सेककॉम्प यादी (कंटेनरला कोणते सिस्टम कॉल चालतील ती) हा बदल करू देत नाही. चाचणीपुरता कंटेनर ‘सेककॉम्प=अनकन्फाइन्ड’ हा सिक्युरिटी ऑप्शन देऊन सुरू करा.

नकाशावर हिशोब

आता प्रत्यक्ष पत्ते पाहू. क्रॅश झालेल्या जागी जीडीबीत ‘इन्फो प्रॉक मॅपिंग्ज’ द्या. चालू प्रोसेस असेल तर प्रॉकमधल्या तिच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतली ‘मॅप्स’ फाइल वाचा. दोन-तीन रनचे नकाशे शेजारी ठेवा: एक पास झालेला, एक पडलेला.

आजची बहुतेक एक्झिक्युटेबल कुठेही बसवता येतील अशी बांधलेली असतात. कर्नल त्यांना १२८ टेराबाइटच्या यूजर जागेच्या दोन तृतीयांशावर ठेवतो, म्हणजे सोळाच्या पायात ५५५५ ५५५५ ४००० या पत्त्यावर. रँडमायझेशन बंद असताना जीडीबीत कायम दिसणारा आकडा हाच. रँडमायझेशन चालू असेल तर त्यात काही पेज मिळवली जातात. बिट २८ असतील तर २ चा २८ वा घात गुणिले ४ केबी, म्हणजे १ टेराबाइटपर्यंत. म्हणून पत्ता ५५५५ ५५५५ ४००० ते ५६५५ ५५५५ ४००० यांच्या मधे कुठेतरी पडतो. वर्षानुवर्षं बॅकट्रेसमध्ये पत्ते ५५ किंवा ५६ नेच सुरू होताना दिसायचे, ते यामुळे.

बिट ३२ केले की हीच मर्यादा १६ टेराबाइट होते आणि वरचं टोक ६५५५ ५५५५ ४००० वर जातं. आता जुन्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरकडे बघा. त्याचा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) ६००० ०००० ०००० पासून ६४०० ०००० ०००० पर्यंतची ४ टेराबाइट जागा आपली म्हणून धरून चालत होता. त्याचे रिपोर्ट वाचणाऱ्यांना हीपचे पत्ते ६०२ ने सुरू होतात हे तोंडपाठ असेल. २८ बिटच्या काळात तिथे कोणी फिरकतच नसे. ३२ बिट झाल्यावर एक्झिक्युटेबल थेट त्या पट्ट्यात येऊन बसू शकतं. १६ टेराबाइटमधले ४, म्हणून ढोबळमानाने चारातून एकदा.

बसल्यावर काय होतं? अ‍ॅलोकेटर ‘मॅप_फिक्स्ड’ हा झेंडा लावून ती जागा मागतो. या झेंड्याचा अर्थ ‘मला हाच पत्ता हवा, तिथे आधी काही असेल तर काढून टाक’ असा आहे. कर्नल निमूटपणे एक्झिक्युटेबलचं मॅपिंग उडवून देतो. एरर नाही, इशारा नाही. पुढचं इन्स्ट्रक्शन उचलायला प्रोसेसर जातो आणि तिथे काहीच नसतं. कधी साधा सेगफॉल्ट येतो, तर कधी ‘अ‍ॅड्रेससॅनिटायझर: डेडलीसिग्नल’ ही ओळ न थांबता छापली जाते. थ्रेड सॅनिटायझर त्यामानाने सरळ. तो ‘अनएक्सपेक्टेड मेमरी मॅपिंग’ असं सांगून सुरुवातीलाच थांबतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘एस्ट्रेस’ला फक्त मेमरीशी संबंधित सिस्टम कॉल दाखवायला सांगा. एस्ट्रेस रँडमायझेशन बंद करत नाही, त्यामुळे क्रॅश त्याच्याखालीही येतो. आउटपुटमध्ये ‘मॅप_फिक्स्ड’ असलेल्या ओळी शोधा आणि मागितलेला पत्ता नकाशातल्या एक्झिक्युटेबलच्या हद्दीशी ताडा. सॅनिटायझरच्या पर्यायांमध्ये ‘व्हर्बोसिटी=१’ दिलंत तर तो स्वतःची शॅडो मेमरी (कोणता पत्ता वापरायला चालेल याची त्याची नोंदवही) कुठून कुठे आहे तेही छापतो. कोअर डंप (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची फाइल) हवा असेल तर ‘डिसेबल_कोअरडंप=०’ द्यावं लागतं; ६४ बिटवर सॅनिटायझर कोअर डंप बंदच ठेवतो, कारण शॅडो मेमरीचा आवाका टेराबाइटमध्ये असतो.

सोर्स नव्हे, आधी कॉन्फिग पाहा

कर्नलच्या सोर्समध्ये हा आकडा बदललेलाच नव्हता. मूळ कर्नलमध्ये या प्रोसेसरसाठी किमान २८, कमाल ३२ आणि ठरलेली किंमत २८ अशी व्यवस्था होती. वितरणाने (इथे उबुंटूने) आपल्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नल बांधतानाच्या सेटिंग्जमध्ये, ती ३२ केली. अशा बदलावर गिट बायसेक्ट (बदल निम्मेनिम्मे करत दोषी बदल शोधण्याची पद्धत) लावलात तर दिवसभर कर्नल बिल्ड करूनही हाती काही लागत नाही, कारण दोन्ही टोकांना तुम्ही एकच कॉन्फिग वापरत असता.

म्हणून आधी बूट डिरेक्टरीतल्या जुन्या आणि नव्या कर्नलच्या कॉन्फिग फाइलींचा ‘डिफ’ काढा. बदललेल्या ओळी शेकड्यांनी असतील, पण ‘एममॅप_आरएनडी_बिट्स’, ‘व्हीसिसकॉल’, ‘एममॅप_मिन_अ‍ॅड्रेस’, ‘ह्यूजपेज’ आणि पेजचा आकार या शब्दांपुरत्या गाळल्या की हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. चालू किंमत ‘सिसकंट्रोल’ने वाचा: व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स. सुडो लावा, कारण ही फाइल रूटशिवाय वाचता येत नाही. ती २८ करून पुन्हा १७ रन घ्या. सगळे पास झाले, परत ३२ केल्यावर पुन्हा पडू लागले, की निदान पक्कं. रीबूटसुद्धा लागत नाही.

अशाच इतर ओळखीच्या खुणा

जुन्या सेंटओएस ६ च्या कंटेनरमध्ये बॅशसुद्धा सुरू होत नाही आणि लगेच १३९ मिळतो? होस्टच्या डीमेसेजमध्ये ‘व्हीसिसकॉल अटेम्प्टेड विथ व्हीसिसकॉल=नन’ अशी ओळ शोधा. जुनी ग्लिबसी ही सी लायब्ररी वेळ विचारण्यासाठी एका ठरावीक पत्त्यावरच्या पेजवर उडी मारायची. सुरक्षेसाठी काही वितरणांनी ते पेज बंद केलं. होस्टच्या बूट पर्यायांत ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ देऊन काम भागतं, पण खरा उपाय ती इमेज निवृत्त करण्याचा.

जून २०१७ मधला स्टॅक क्लॅशचा पॅच हे दुसरं मोठं उदाहरण. स्टॅकच्या खाली राखलेली एका पेजची, म्हणजे ४ केबीची मोकळी पट्टी कर्नलने २५६ पेजची, म्हणजे १ एमबीची केली. सुरक्षेतलं भोक गंभीर होतं, पॅच घाईने सगळीकडे गेला आणि जावा व रस्ट वापरणारे काही प्रोग्राम कोसळू लागले. कारण हे दोघेही मुख्य थ्रेडच्या स्टॅकमध्ये स्वतःची राखण-पट्टी ‘मॅप_फिक्स्ड’नेच घालत होते. कर्नलला ते दुसरंच मॅपिंग वाटायचं आणि तो त्याच्यापासून १ एमबी अंतर राखायला जाऊन स्टॅक वाढवायला नकार द्यायचा. इथे कर्नलवाल्यांनी पुढे स्वतःच्या बाजूने दुरुस्ती केली. खूण अशी की अडलेला पत्ता एसपीच्या अगदी जवळ असतो आणि नकाशात स्टॅकच्या खालच्या टोकाजवळ परवानगी नसलेलं एक चिमुकलं मॅपिंग दिसतं. ‘स्टॅक_गार्ड_गॅप’ हा बूट पर्याय पेजच्या संख्येत देऊन खात्री करता येते.

एआरएमवर गेलात तर पेजचा आकार आधी विचारा: ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’. रास्पबेरी पाय ५ चा ठरलेला कर्नल १६ केबी पेजचा आहे. ४ केबी धरून बांधलेला जेमॅलॉक (मेमरी वाटणारी लायब्ररी) तिथे ‘अनसपोर्टेड सिस्टम पेज साइझ’ म्हणत थांबतो. कॉन्फिगच्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘कर्नल=कर्नल८.आयएमजी’ लिहून ४ केबीच्या कर्नलवर परतता येतं. अँड्रॉइड १५ पासून १६ केबी पेजची उपकरणं चालतात, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ व पुढचं लक्ष्य धरणाऱ्या अ‍ॅपना गूगल प्लेवर या आकाराला साथ देणं बंधनकारक झालं आहे. तुमच्या अ‍ॅपमध्ये कोणाची तरी आयती नेटिव्ह लायब्ररी असेल, तर लिंकरला ‘मॅक्स-पेज-साइझ’ १६३८४ देऊन ती पुन्हा बांधून घ्यावी लागेल.

कर्नलच चुकलेला असेल तर

२०२३ मध्ये ६.४ कर्नलच्या पहिल्या काही आवृत्त्यांत असं झालं. पेज फॉल्ट जलद व्हावेत म्हणून प्रत्येक मॅपिंगला वेगळं लॉक आलं, आणि अनेक थ्रेड असलेली प्रोसेस फोर्क करत (स्वतःची प्रत काढत) असताना मेमरी खराब होऊ लागली. यात प्रोग्रामचा काहीच दोष नव्हता.

फरक कसा ओळखायचा? रँडमायझेशन बंद करूनही क्रॅश तसाच राहतो. अडलेला पत्ता दर वेळी वेगळा असतो आणि त्यात संगती सापडत नाही. एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले प्रोग्राम पडू लागतात. ‘टास्कसेट’ने प्रोसेस एकाच कोअरवर बांधली तर क्रॅश विरळ होतो किंवा थांबतो. आणि रॅम खराब नाही हे मेमटेस्टने रात्रभर तपासून घेतलेलं असतं. ते न करता कर्नलवर आरोप करू नका.

मग बायसेक्ट. लागोपाठच्या दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये १३ ते १५ हजार बदल असतात, म्हणजे १४ च्या आसपास बिल्ड. बायसेक्टला ‘एमएम’ डिरेक्टरी, प्रोसेसरची डिरेक्टरी आणि एक्झिक्युटेबल लोड करणाऱ्या फाइली एवढ्यांपुरतं मर्यादित केलंत तर आकडा बराच खाली येतो. दोन्ही टोकांना चालू मशीनची कॉन्फिग आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ वापरा. ‘चांगला’ असा शिक्का मारण्याआधी वर काढलेल्या संख्येइतके रन घ्याच. एक चुकीचा शिक्का पुढची सगळी दिशा बिघडवतो. ‘वाईट’ ठरवायला मात्र एक क्रॅश पुरतो.

तात्पुरतं आणि कायमचं

तातडीने बिल्ड पुढे न्यायचं असेल तर सीआयच्या मशीनवर व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स २८ करा आणि ते ईटीसीमधल्या सिसकंट्रोल.डी डिरेक्टरीतल्या फाइलमध्ये लिहा, म्हणजे रीबूटनंतरही टिकेल. हे होस्टवरच करावं लागतं. कंटेनरला याची वेगळी किंमत नसते. २८ बिट ही मूळ कर्नलची ठरलेली किंमत असल्याने सुरक्षेच्या दृष्टीने तुम्ही उघडे पडत नाही. ‘कर्नल.रँडमाइझ_व्हीए_स्पेस=०’ हा सल्ला मात्र सगळीकडे वाटला जातो आणि तो वाईट आहे. त्याने पूर्ण मशीनवरच्या प्रत्येक प्रोसेसचं संरक्षण जातं. एका टेस्टसाठी एवढी किंमत मोजायचं कारण नाही. ‘सेटआर्क’ तेवढ्याच प्रोसेसपुरता आहे, तो वापरा.

कायमचा उपाय टूलचेन बदलण्याचा. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात अ‍ॅड्रेस सॅनिटायझरच्या अ‍ॅलोकेटरचा पाया ६००० ०००० ०००० वरून ५००० ०००० ०००० वर नेला आहे, म्हणजे एक्झिक्युटेबल कितीही वर सरकलं तरी गाठ पडत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये हीपचे पत्ते ५०२ ने सुरू होत असतील तर दुरुस्त आवृत्ती आहे, ६०२ असेल तर जुनी. थ्रेड सॅनिटायझरच्या नव्या आवृत्त्या जागा जुळली नाही तर रँडमायझेशन बंद करून स्वतःलाच पुन्हा सुरू करतात. वर सांगितलेल्या सेककॉम्पच्या अडसरामुळे कंटेनरमध्ये हे फसू शकतं, हे लक्षात ठेवा.

दोष तुमच्याच कोडमध्ये सापडला, तर ‘मॅप_फिक्स्ड’च्या जागी ‘मॅप_फिक्स्ड_नोरिप्लेस’ वापरा. तो लिनक्स ४.१७ पासून आहे आणि जागा रिकामी नसेल तर सरळ एरर देतो. त्याहून जुने कर्नल हा झेंडा ओळखत नाहीत आणि पत्ता निव्वळ सूचना मानतात, म्हणून मिळालेला पत्ता मागितलेल्या पत्त्याशी ताडून पाहणं सोडू नका. पेजचा आकार ४०९६ लिहून ठेवलेला असेल तिथे ‘सिसकॉन्फ’ला विचारा. पॉइंटरच्या वरच्या बिटांत स्वतःची माहिती कोंबणारं कोड असेल तर ते किती बिट मोकळे धरतं ते एकदा मोजून घ्या.

कर्नलकडे तक्रार करायची तर चालणारी शेवटची आणि बिघडलेली पहिली आवृत्ती, दोन्ही कॉन्फिग फाइलींचा डिफ, डीमेसेजची ओळ, पडलेल्या रनचा पूर्ण नकाशा आणि शंभरातून किती वेळा पडतं तो आकडा जोडा. वितरणाने कॉन्फिग बदलली असेल तर तक्रार वितरणाकडे जाते. मूळ सोर्समधला बदल असेल तर कर्नलच्या रिग्रेशनसाठी ठेवलेल्या मेलिंग लिस्टवर, बायसेक्टमध्ये सापडलेल्या कमिटच्या क्रमांकासह.